दर मिनिटाला चार केबी

यंत्र अडलं की बंद करून पुन्हा चालू करा, हा सल्ला आपण सगळेच देतो. बहुतेक वेळा तो लागूही पडतो. पण तेवढ्यावर थांबलं की खरं कारण तसंच राहतं आणि काही दिवसांनी तेच दुखणं परत येतं.

लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांवर मी काम करतो. त्यांतलं एक यंत्र एका शीतगृहात तापमानाची नोंद ठेवायचं आणि दर १२ दिवसांनी गोठायचं. तिथल्या चाचांनी त्यावर तोड काढली होती. "बेटा, दर दहाव्या दिवशी मी बटन बंद करतो, चालू करतो. एवढ्यासाठी कशाला डोकं शिणवतोस?" पण एखादा दहावा दिवस चुकला आणि यंत्र रात्री गोठलं, की सकाळपर्यंतची नोंदच नसायची. त्या रात्री माल खरंच थंड होता का, हे मग कुणालाच सांगता यायचं नाही.

यंत्राची मेमरी १२८ एमबी, त्यातली जवळपास ७० मोकळी. चालू प्रोग्रॅमपैकी एकही फुगत नव्हता, तरी मेमरी घटत होती. म्हणजे गळती प्रोग्रॅममध्ये नव्हती, ती खाली कर्नलमध्ये होती. हा फरक मोठा आहे. प्रोग्रॅम संपला की त्याने घेतलेली मेमरी कर्नल परत घेतो. कर्नलने स्वतःसाठी घेतलेली मेमरी विसरली गेली, तर ती परत घेणारा वर कुणी नसतो.

मोकळी मेमरी कमी दिसली म्हणजे गळतीच, असंही नाही. फाइलींची नावं आणि माहिती लिनक्स हाताशी साठवून ठेवतो आणि गरज पडली की ती जागा सोडतो. मेमइन्फो या फाइलीत परत मिळणारी आणि न मिळणारी अशी दोन्ही कर्नल-मेमरी वेगवेगळी दिसते. आमच्याकडे न मिळणारी वाढत होती, दिवसाला साधारण ५.६ एमबी. दिवसाची मिनिटं १,४४०. भागाकार केला: मिनिटाला चार केबी.

मग प्रश्न सोपा झाला. दर मिनिटाला काय घडतं? नोंदीची दुसरी प्रत ठेवायला यंत्रात एक मेमरी कार्ड होतं. ते खराब झालं होतं आणि प्रोग्रॅम दर मिनिटाला ते माउंट करून पाहत होता.

त्या कार्डाची हुबेहूब प्रत काढून मी टेबलावरच्या यंत्रात केमेमलीक चालू केलं. हे साधन २००९ मध्ये कर्नलच्या २.६.३१ आवृत्तीत आलं. ते मेमरी चाळतं आणि ज्या तुकड्याचा पत्ता कुठेच सापडत नाही त्याला संशयित ठरवतं, शिवाय तो कुठल्या फंक्शनने मागितला तेही दाखवतं. बोट फाइलसिस्टिमच्या ड्रायव्हरकडे गेलं, तेही कार्ड माउंट करणाऱ्या भागाकडे. तिथे आधी चार केबी घेतले जात, मग कार्डाचा पहिला ब्लॉक वाचून तपासला जाई. तपासणी फसली, तर फंक्शन थेट बाहेर पडे. घेतलेले चार केबी परत करणारी ओळ त्या वाटेवर नव्हतीच. चांगल्या कार्डाच्या वाटेवर सगळा हिशेब चोख होता, आणि चाचण्या फक्त चांगल्या कार्डांवर झाल्या होत्या.

दुरुस्ती एका ओळीची झाली. त्यापेक्षा मोलाची ठरली ती नवी चाचणी: खराब कार्ड १०,००० वेळा माउंट करून पाहायचं आणि आधीचा-नंतरचा आकडा ताडायचा. गळती असती, तर जवळपास ४० एमबी गेले असते. आकडा जागचा हलला नाही.

काम फसलं तरी घेतलेली अमानत परत द्यावीच लागते, आणि कोडमध्ये नेमकी तीच वाट सहसा कुणी तपासत नाही. तुमच्याकडेही असं दर काही दिवसांनी अडणारं यंत्र असेल, तर बटन दाबण्याआधी तारीख लिहून ठेवा. दोन-चार वेळा तेवढेच दिवस भरले, तर दुरुस्त करणाऱ्याचं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलेलं असेल. आम्हालाही पहिला धागा मिळाला तो चाचांच्या त्या दहा-बारा दिवसांच्या हिशेबातूनच.