आषाढातले आकडे

समुद्रशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्याशी मी आयुष्यात दोन वाक्यंही धड बोललो नाही. त्यांच्या ऋणाबद्दल लिहायचा मला अधिकार किती, हा प्रश्न म्हणूनच आहे. पण ऋण आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या एका लबाडीपासून होते.

१९७४ साली मी एमएस्सीच्या प्रबंधासाठी रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत दर पंधरवड्याला पाण्याचे नमुने घेत होतो. दोन बाटल्या खाडीच्या पाण्यानं भरायच्या. एक उघडी काच, दुसरी काळ्या फडक्यात गुंडाळलेली. दोरीला बांधून काही तास पाण्यात सोडायच्या. उजेडातल्या बाटलीत सूक्ष्म वनस्पती प्राणवायू तयार करतात, अंधारातल्या बाटलीत तो नुसता वापरला जातो. दोन्हींतल्या फरकावरून खाडी किती अन्न पिकवते ते काढता येतं. जूनपर्यंत मी हे नेमानं केलं. मग पाऊस लागला. होडी काढायची भीती होती, घरी आईचा ओरडा होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळा होता. जुलै-ऑगस्टच्या चार फेऱ्या मी केल्याच नाहीत. जून आणि सप्टेंबरचे आकडे समोर ठेवून मधले बेतले. क्षारता हजारी बावीस, वीस, एकोणीस, अठरा. कशी छान उतरत गेली होती!

मार्गदर्शक सरांनी वही चाळली आणि जुलैवर बोट ठेवलं. म्हणाले, “आषाढात खाडी गोडी होते, हे तुला होडीवाल्यानं सांगितलं नाही?”

होडीवाल्यानं सांगितलं होतं. मीच विसरलो होतो, कारण मी तिथं नव्हतोच.

सर ओरडले नाहीत. लाल शाईनं चार ओळी खोडल्या, सही केली आणि दुसऱ्या दिवशी काही छापील निबंध हातात दिले. कोचीच्या खाजणपाण्यावर कासिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम होतं ते. एक निबंध १९६८ चा, ऊन पाण्यात किती खोल जातं यावर. दुसरा १९६९ चा, खाडीतल्या अन्ननिर्मितीवर. “हा माणूस आता दोनापावलाला डायरेक्टर होऊन आलाय,” एवढंच ते बोलले.

पहिल्या वाचनात मला निम्मंच कळलं. पण एक गोष्ट कळली आणि कानशिलं तापली. या लोकांनी पावसाळा गाळला नव्हता. गोड्या पाण्याच्या लोंढ्यानं वरच्या थरातलं मीठ जवळजवळ संपतं, गढूळ पाण्यात ऊन वरच्यावर अडतं, आणि तरीही त्या सूक्ष्म वनस्पतींचं काम थांबत नाही. मी ज्या महिन्यांना कंटाळून घरी बसलो होतो, नेमक्या त्याच महिन्यांत खाडीचा सगळा स्वभाव पालटत होता. आणखी एक गोष्ट त्यात होती. पाण्यात जेवढं अन्न तयार होतं, तेवढं तरंगणारे प्राणी खाऊन संपवत नाहीत. उरलेलं तळाशी जातं. तेव्हा ते वाक्य मी नुसतं वाचून पुढे गेलो.

पुढचा पावसाळा मी पुन्हा केला. वर्ष गेलं. घरी मात्र सांगितलं की सरांनी विषय वाढवलाय. म्हणजे लबाडी पुरती सुटली नव्हतीच.

१९७७ साली गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हंगामी मदतनीस म्हणून लागलो. कासिमसाहेब १९७४ पासून संचालक होते. अलाहाबादचा जन्म, अलीगढला शिक्षण, मग वेल्समधल्या बँगरला खडकाळ किनाऱ्यावरच्या माशांवर डॉक्टरेट. समुद्रापासून इतक्या दूर जन्मलेला माणूस ओहोटीच्या डबक्यांतल्या माशांचा माग काढत राहिला, याचं मला अजूनही नवल वाटतं. एकदा ते व्हरांड्यातून येताना दिसले. कोचीच्या निबंधाबद्दल सांगावं असं मनात आलं. नमस्कार केला आणि बाजूला झालो.

त्याच वर्षी त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शिनाण्यांवरचा, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवरचा, निबंध प्रसिद्ध झाला. तरंगत्या तराफ्याला दोर बांधून त्यावर शिनाणे वाढवायचे! मी जेवणाच्या टेबलावर हसलो. म्हटलं, आमच्याकडे बायका खडकावरून खरवडून आणतात, त्याला डायरेक्टर कशाला लागतो? कुणी उत्तर दिलं नाही. महिन्याभरानं निबंध वाचला तेव्हा हसू विरलं. खडकावरचा शिनाणा ओहोटीला उघडा पडतो आणि तेवढा वेळ उपाशी राहतो. दोरावरचा रात्रंदिवस पाण्यात असतो, खात राहतो आणि भराभर वाढतो. खातो काय, तर तरंगणारं सूक्ष्म अन्न. कोचीच्या निबंधातलं जे वाक्य मी नुसतं ओलांडून गेलो होतो, ते असं माणसाच्या ताटापर्यंत जाऊ शकत होतं. हे मला कळायला तीन वर्षं लागली.

‘गवेषणी’वरच्या दिवसांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. बार्जचं रूपांतर करून केलेलं जहाज, डुलायचं फार. २६ जानेवारी १९८१ ला त्याच जहाजानं समुद्रतळावरचे बहुधातू गोळे भारतासाठी पहिल्यांदा वर आणले. पुढे १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या तळाचा मोठा पट्टा शोधासाठी भारताच्या नावावर नोंदला गेला, त्याची ती सुरुवात. मी त्या फेरीवर नव्हतो.

१९८१ च्या जुलैत केंद्रात महासागर विकास विभाग सुरू झाला आणि साहेब त्याच वर्षी केंद्र सरकारचे सचिव म्हणून दिल्लीला गेले. मला वाटलं, संपलं, आता फायली. त्याच डिसेंबरात २१ जणांची तुकडी ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजानं मुरगावहून गुपचूप निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरली. बातमी फुटली तेव्हा आम्हालाही धक्का होता. मी चहाच्या गाड्यावर उभा राहून म्हणालो, पोटाला नाही आणि बर्फ कसला शोधताय? त्यात मत कमी आणि मला कुणी विचारलं नाही याची चुरचुर जास्त होती, हे आज कबूल करतो. तुकडीचे नेते कासिमसाहेब होते. पंचावन्न वर्षांचे, केंद्र सरकारचे सचिव. दिल्लीत बसून तार पाठवली असती तरी चाललं असतं. पुढच्या वर्षी भारत अंटार्क्टिका कराराचा सल्लागार सदस्य झाला, आणि मी चहाच्या गाड्यावर बोलणं कमी केलं.

नंतर ते जामिया मिलियाचे कुलगुरू झाले, नियोजन आयोगावर गेले. मी कायम झालो, नमुने घेत राहिलो. एखाद्या नव्या पोराच्या तक्त्यात मधले रकाने जरा जास्तच सुरेख भरलेले दिसले की मी विचारायचो, त्या दिवशी वारा कुठून होता? दोघं गडबडले. त्यांना मी माझी गोष्ट सांगितली, सरांसारखं गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

२०१५ च्या ऑक्टोबरात साहेब गेल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा मी निवृत्त होऊन रत्नागिरीला होतो. माळ्यावरची ट्रंक काढली. १९७४ च्या वहीत लाल शाईनं खोडलेल्या चार ओळी आणि सरांची सही. पुढच्या वहीत १९७५ चा जुलै. पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी दिसेनाशी झाली, ती खोली पाऊण हात. क्षारतेच्या रकान्यात एक लहानसा आकडा, आणि त्याच्या शेजारी, शास्त्राच्या वहीत शोभणार नाही असा, पेन्सिलीनं लिहिलेला शब्द: चाखलं. गोडं.