जुनी जाळी, जुनी वाकळ

मालवणहून तारकर्ली ओलांडून देवबागला निघालो की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली खाडी आणि मध्ये चिंचोळी जमीन. इथली परसे आम्ही जरा निरखून पाहिली. मिरची-वांग्यांभोवतीचे कुंपण, कोंबड्यांच्या खुराड्याचे दार, सगळीकडे मासेमारीतून बाद झालेली नायलॉनची जाळी. पूर्वी जाळी सुताची असत. ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत. समुद्रात तुटून राहिलेले सुती जाळे कुजून जाई. नायलॉन कुजत नाही. ते वर्षानुवर्षे मासे अडकवत राहते, आणि या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवेही त्यात सापडतात. परसातले ते ओबडधोबड कुंपण म्हणूनच आम्हाला मोलाचे वाटले.

कापडाचेही असेच. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या खालांनी रात्री वाकळ अंथरली. वर मऊ पडलेली सुती साडी, आत लुंग्या, अभ्रे, मुलांचे सदरे, आणि सगळ्या थरांतून आरपार धावदोरा. नवी का शिवत नाही, असे विचारले.

“सुती कापड घरात येतं कुठं आता? पॉलिस्टर सुईखाली सरकतं, घामही टिपत नाही.”

खरेच आहे. जगात तयार होणाऱ्या धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक आज पॉलिस्टर असते.

गोव्यापलीकडे उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, सिद्दी समाजाच्या मुस्लिम, ख्रिस्ती, हिंदू स्त्रिया जुन्या कपड्यांच्या ‘कवंदी’ शिवतात. टाका कडेपासून सुरू होतो आणि फिरत फिरत मध्याशी पोचतो. कोपऱ्यांवर चिंध्यांची घडीव फुले. २०११ मध्ये या कवंदींचे प्रदर्शन न्यूयॉर्कला भरले होते. आपल्याकडे मात्र पाहुणे आले की वाकळ माळ्यावर जाते आणि दुकानातले ब्लँकेट बाहेर येते! हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की प्रेषित (स.) आपले कपडे स्वतः शिवत, चपला स्वतः सांधत. मग ठिगळाची लाज आपल्याला कुठून आली?

खालांनी आता ईदच्या आवराआवरीत दोन गाठोडी करायला घेतली आहेत. सुती कपडे वाकळीसाठी. न कुजणारे पॉलिस्टर बाजाराच्या पिशव्या आणि पायपुसण्यांसाठी. तिथे त्याचा चिवटपणा कामी येतो. दुसरे गाठोडे केव्हाच भरले. पहिले अजून अर्धेही नाही.