गाडवाट आणि घंटी

सुरतेच्या बहुतेक मराठी घरांना सोनगडच्या पलीकडचं जंगल माहीत आहे ते खिडकीतून. नंदुरबारला नाहीतर धुळ्याला लग्नाला निघालेलो असतो, व्यारा गेलं की साग दिसायला लागतो, आपण डबा उघडतो आणि नवापूर येईपर्यंत जंगल मागे पडलेलं असतं. मला मात्र ते जंगल सायकलवरून माहीत आहे. आणि हल्ली माझ्या नातवालाही.

१९८१ ते १९८५ मी त्या भागात एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत होतो. तेव्हा तापी जिल्हा नव्हता, तो २००७ मध्ये झाला. आमच्या वेळी सगळं सुरत जिल्ह्यातच. एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना १९८० च्या २ ऑक्टोबरपासून देशभर लागू झाली होती. म्हैस, बैलजोडी, ऑइल इंजिन यांसाठी कर्जं द्यायची आणि मग म्हैस खरोखर गोठ्यात आहे का ते बघायला जायचं. बी.कॉम.ला डबल एंट्री शिकलो होतो, म्हशीच्या कानातला विम्याचा बिल्ला वाचायला नोकरीत शिकलो. शाखेला जीप नव्हती. अठ्ठावीस इंची काळी सायकल, दांड्यांचे ब्रेक, मागे कॅरियरला बांधलेली फायलींची पिशवी, आणि पुढच्या सायकलवर आमचा शिपाई. तो तिथलाच, त्यामुळे खरा साहेब तोच.

त्या चार वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. वाट कोणी केली आहे हे समजलं की तिचा चढ समजतो. वनखात्याच्या कूपची वाट भरलेल्या ट्रकसाठी काढलेली, म्हणून ती डोंगराला वळसे घेत हळूहळू चढते. सायकलीला तीच उत्तम. गाडवाटेला चाकांच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा. चाकोरीत शिरलात तर पेडल कडेला आपटतं, म्हणून मधल्या उंचवट्यावरून चालवायची. आणि बाजाराला जाणाऱ्या बायांची पायवाट, ती सरळ टेकडीच्या डोक्यावर जाते. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला वळसा परवडत नाही. तिथे सायकल खांद्यावर. एप्रिल-मेमध्ये सागाची पानं गळून वाटेवर वीतभर थर होतो, खाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही आणि ब्रेक मारला की चाक पानांवरून घसरतं. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की सायकल जागेवर उभी. मग काडीने उकरत बसा.

त्याच सुमारास, मला हे पुष्कळ उशिरा कळलं, तिकडे कॅलिफोर्नियात टमाल्पाइस नावाच्या डोंगराच्या परिसरात काही तरुण पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतारावरून शर्यती लावत होती. १९७६ पासून. एका उतारात मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. त्यांच्यातूनच आजची माउंटन बाइक आली आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचली. आमचेही ब्रेकचे रबर झिजायचे, पण आम्ही वसुलीला निघालेलो असायचो, त्यामुळे शर्यत लावायचं कधी सुचलं नाही.

आता नातवाची सायकल. २९ इंची चाकं, पुढे हवेवर चालणारं सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, टायरला ट्यूबच नाही. आत एक चिकट द्रव असतो, बाभळीचा काटा घुसला तर तो आपोआप भोक बुजवतो. या एका शोधाला मी मनापासून नमस्कार केला. बाभळीच्या काट्यांनी मला किती मैल पायी चालवलंय! किंमत सांगत नाही, आमच्या हिने अजून ती खरी ऐकलेली नाही. पण एवढ्या पैशांत स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरियर नाही आणि घंटी नाही. मी विचारलं, "घंटी का नाही रे?" तर म्हणाला, "आजोबा, ट्रेलवर कोण असतं?"

ट्रेलवर कोण असतं! मार्चच्या पहाटे मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाया असतात, त्यांची लेकरं असतात, चरायला निघालेली गुरं असतात, मोळी घेतलेली म्हातारी असते. तेव्हा काही बोललो नाही. गुडघ्यांमुळे मी चालवत नाही, पण रविवारी त्या पाच-सहा जणांच्या मागे गाडीत पाणी, केळी आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन जातो. 

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. "एका शेतकऱ्याने थांबवलंय. सायकली सोडत नाही." मी गाडी रस्त्यावर लावून दीड किलोमीटर चालत गेलो.

उतार संपतो तिथे एक काळपट, मोकळा, भुसभुशीत तुकडा होता. मोबाइलमधली लाल रेघ बरोबर त्याच्यावरून जात होती. पोरांना वाटलं वणवा लागून गेलाय. तो 'आदर' होता. कोकणात ज्याला राब म्हणतात तोच. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून उन्हाळ्यात जमीन भाजायची, पाऊस तोंडावर आला की तिथे नागली आणि भात दाट पेरायचं, आणि रोपं वीतभर झाली की उपटून सगळ्या शेतात लावायची. म्हणजे दिसायला दोन खोल्यांएवढा तुकडा, पण घराचं वर्षाचं धान्य त्यातून निघतं. पेरणी दोन दिवसांपूर्वीची. पाच सायकलींनी त्यावर उताराच्या दिशेने पाच पन्हळी पाडल्या होत्या. एक चांगली सर आली असती तर पाणी त्यांतूनच धावलं असतं आणि बी घेऊन गेलं असतं.

शेतकरी तिशीचा असेल, कोकणा समाजाचा. त्यांची बोली आपल्या अहिराणीला जवळची. मी घरची अहिराणी काढली तसा त्याचा आवाज जरा खाली आला. ओळखपाळख निघाली नाही; मी कधीकाळी बँकेत होतो याचं त्याला काही कौतुक नव्हतं. म्हणाला, वाट पूर्वी इथूनच होती, खोटं नाही. पण २००६ च्या वनहक्काच्या कायद्यानंतर वडिलांच्या नावाने अधिकारपत्र मिळालं, जमीन नीट करून घेतली आणि वाट नाल्याच्या काठाने वळवली. गावात सगळ्यांना माहीत आहे. मोबाइलला कोणी सांगितलं नाही.

वाट इथूनच होती हे मलाही ठाऊक होतं. १९८२ मध्ये याच उतारावरून मी एका बैलजोडीची तपासणी करायला गेलो होतो.

एका मुलाने खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. शेतकऱ्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला तो क्षण फार अवघड गेला, कारण माझ्याही डोक्यात तेव्हा नुकसानभरपाईचाच हिशेब चालू होता, नोकरीची सवय. तो आत गेला, सुपात उरलेली नागली घेऊन आला आणि म्हणाला, "पैसा पेरता येत नाही. बूट काढा."

पोरांनी बूट काढले. तासभर पाचही जण उकिडवे बसून हातांनी माती सारखी करत होते, तो मागून बी टाकत होता आणि त्याची बायको ओसरीवरून बघत हसत होती. डॉक्टर, दोन इंजिनिअर, एक हिऱ्याच्या कारखान्याचा मालक आणि आमचे चिरंजीव. मी खाटेवर बसून काळा चहा प्यायलो. 

त्याच संध्याकाळी नातवाने मोबाइलवरची रेघ नाल्याच्या काठाने वळवून घेतली. आता मोसम बदलला की मंडळी आधी त्या शेतकऱ्याला फोन करतात: कुठे आदर आहे, कुठे कुंपण घातलंय. यंदा त्याने सांगितलं, दिवाळीनंतर या, नागली निघालेली असेल, खळ्यापर्यंत सायकल येईल.

घंटी मी स्टेशनजवळच्या जुन्या दुकानातून आणली. पितळी, ऐंशी रुपयांची. त्या महागड्या हँडलला तिचा कडा बसेना, रबराची पट्टी गुंडाळून बसवली. नातू म्हणतो, उतारावर ती आपोआप वाजत राहते. वाजू दे म्हटलं.