ज्याचे पत्र, त्याच्या हाताने

आमच्या खाला मराठी सातवी शिकलेल्या. किराण्याची यादी, दूधवाल्याचा हिशेब सारे सुवाच्य अक्षरात लिहितात. पण सासरी असलेल्या लेकीला फोनवर दोन ओळी पाठवायच्या म्हटले की नातवाला हाक मारावी लागते. आई-लेकीतल्या साऱ्याच गोष्टी नातवाला कशा सांगणार? निम्मे मनातच राहते. पूर्वी निरक्षर बायका शेजारच्यांकडून पत्र लिहून घेत. आज लिहिता येणारी बाईही तशीच परस्वाधीन झाली आहे.

यात खालांचा काय दोष? रोमन लिपीत मराठी लिहायचे तर आधी इंग्रजी अक्षरे सरावाची हवीत. संगणकाच्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. टायपिंग शिकलेल्यांना ती सोयीची, नवख्याचा वेळ मात्र अक्षर शोधण्यातच जातो.

यंत्र वापरताना माणूस कुठे अडतो आणि का, यावर विद्यापीठांत संशोधन चालते. पवईच्या आयआयटी मुंबईतील आयडीसी या विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांसाठी ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक तयार केला. २०१३ साली तो लोकांसाठी खुला झाला. त्यात अक्षरे शाळेतल्या तक्त्याच्या क्रमाने आहेत: क, ख, ग, घ. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते. हवे तिकडे बोट सरकवायचे. ‘क्’ निवडला की इतर कळांवर क्त, क्य, क्र अशी जोडाक्षरे तयार दिसतात.

बी.एड.ला आम्ही एक सूत्र शिकलो होतो, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. या संशोधकांनी तेच केले. बाईला यंत्राची रीत शिकवण्याऐवजी यंत्राला बाईची बाराखडी शिकवली.

कुरआनच्या अवतरणाची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली आणि त्याच आयतींमध्ये लेखणीचाही उल्लेख आहे. आज घरोघरी लेखणीची जागा फोनने घेतली आहे. ही लेखणी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातीही हवी.

तेव्हा मुलामुलींनो, सुट्टीच्या दिवशी अम्मीच्या, दादीच्या फोनमध्ये वर्णमालेच्या क्रमाचा कळफलक बसवून द्या. चार दिवस शेजारी बसून सराव करून घ्या. त्यांची बोटे सरावली की मात्र उठून जा. त्यांनी काय लिहिले, हे डोकावून पाहू नका.