फुकटच्या विजेच्या देशात फ्रीज घेताना

कतारमधे येऊन कुणी विजेच्या बचतीबद्दल बोलू लागलं की लोक जरा गमतीनेच बघतात. कतारी नागरिकांना राहत्या घराची वीज फुकट. आम्हा परदेशी लोकांना 'कहरामा' या सरकारी वीज-पाणी संस्थेचं बिल येतं, पण पुण्याच्या मानाने अगदी किरकोळ. त्यामुळे गेल्या महिन्यात फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा घरात बरीच चर्चा झाली.

दोन फ्रीज समोर होते. एक 600 लिटरचा, दोन दारांचा, सेलमधे. लेबलवर वर्षाला 480 युनिट. दुसरा 340 लिटरचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, 300 युनिटचा आणि किमतीला थोडा जास्तच! बायकोचं म्हणणं साधं होतं, हापूसच्या दिवसांत आमरस साठवायला जागा हवी. आई फोनवर म्हणाली, "वीज स्वस्त आहे ना तिकडे? मग मोठाच घ्या."

वर्षाला 180 युनिटांचा फरक म्हणजे इथे मॉलमधल्या एका जेवणाचे पैसे. पैशांचा हिशेब मांडला तर मोठा फ्रीजच जिंकतो.

पण हिशेब तिथे संपत नाही. फ्रीज जेवढी वीज खातो, ती सगळी शेवटी उष्णता होऊन घरातच राहते. जर्मनीत हिवाळ्यात ती उपयोगी पडते. दोहात मात्र वर्षातले आठ-नऊ महिने ती एसीने बाहेर फेकावी लागते, आणि त्यासाठी फ्रीजच्या प्रत्येक युनिटमागे साधारण पाव ते एक तृतीयांश युनिट वेगळं लागतं. म्हणजे 180चे सव्वादोनशेच्या आसपास होतात. इथली बहुतेक वीज नैसर्गिक वायूपासून बनते (2022मधे अल खरसाचा 800 मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला, तरीही). युनिटमागे अर्धा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा, दहा वर्षांत सुमारे एक टन. आमरसाच्या डब्यांसाठी!

दुसरी गोष्ट हवामान-वर्गाची. फ्रीजच्या आतल्या पट्टीवर 'एन', 'एसटी', 'टी' अशी अक्षरं असतात. 'एन' 32 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' 38 आणि 'टी' 43 पर्यंत. जुलैत एसी बंद करून आपण भारतात सुट्टीवर जातो, तेव्हा स्वयंपाकघर तापतं. खोली 25 वरून 43 अंशांवर गेली की आतले 4 अंश राखायला अगदी आदर्श यंत्रालाही तेवढ्याच थंडाव्यासाठी जवळजवळ दुप्पट वीज लागते. आणि भिंतींतून आत शिरणारी उष्णता वाढते ती वेगळीच. त्यामुळे इथे 'टी'च बघावा.

भारतातल्या मंडळींनी एक लक्षात ठेवावं. तारे आकाराच्या हिशेबात दिलेले असतात, त्यामुळे पाच तारेवाला मोठा फ्रीज तीन तारेवाल्या छोट्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तारे देण्याचे निकषही दर काही वर्षांनी कडक होतात. तेव्हा ताऱ्यांच्या जोडीला वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा.

आम्ही 340 लिटरचा घेतला. महाराष्ट्रातलं 2005च्या सुमाराचं भारनियमन ज्यांनी काढलंय, त्यांना वीज स्वस्त आहे म्हणून उधळणं जमत नाही, एवढंच मी आईला सांगितलं. तिला ते लगेच पटलं. बायकोला आमरसाचे चार डबे बसतील असा वरचा कप्पा मोजून दाखवावा लागला.