गुरुजींच्या वह्या

तंजावरहून कुंभकोणमला जाताना, कुंभकोणमच्या थोडं अलीकडे तिरुवलंचुळी नावाचं लहानसं गाव लागतं. गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे चेन्नईला गेलो होतो. त्याने चार दिवसांची रजा काढून आम्हाला कावेरीकाठची देवळं दाखवली. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळातला, १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला मराठी शिलालेख पाहून ऊर भरून आला होता. तिरुवलंचुळीला मात्र फक्त गणपतीचं दर्शन घेऊन पुढे जायचं, एवढंच ठरलं होतं. तिथे आमच्या गुरुजींची आठवण येईल आणि माझी मान खाली जाईल, असं मुळीच वाटलं नव्हतं.

इथला गणपती पांढरा. मूर्ती अगदी लहान. समुद्रमंथनाच्या वेळी आलेल्या फेसापासून ती घडवली, अशी श्रद्धा. म्हणून तिच्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत, कापराची पूड वाहतात. समोरची दगडातली नाजूक जाळी पाहतच राहावी अशी. दर्शन घेऊन आम्ही ओवरीत टेकलो, तेव्हा आमच्या ड्रायव्हरने गावाची कथा सांगितली. तो तमिळमध्ये बोलत होता आणि मुलगा आम्हाला मराठीत सांगत होता.

एकदा म्हणे कावेरी इथवर आली आणि जमिनीतल्या एका विवरात गडप झाली. पुढची शेतं कोरडी पडली. राजा हवालदिल झाला. तेव्हा आकाशवाणी झाली, की राजाने किंवा एखाद्या ऋषीने या विवरात स्वतःला अर्पण केलं, तरच नदी वर येईल. हेरंड ऋषी पुढे झाले आणि विवरात उतरले. नदी उजवीकडे वळसा घेत वर आली. गावाच्या नावातला ‘वलम्’ म्हणजे उजवीकडे आणि ‘चुळी’ म्हणजे भोवरा.

कथा संपवून ड्रायव्हर म्हणाला, “आमच्या तमिळ तात्तांचं गावही इथून जवळच आहे. त्यांनीसुद्धा बुडालेली नदीच वर काढली.”

तमिळ तात्ता, म्हणजे तमिळ आजोबा. त्यांचं नाव उ. वे. स्वामिनाथ अय्यर. १८५५ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि त्यांचं गाव म्हणजे पापनाशमजवळचं उत्तमदानपुरम हे खेडं. तिथलं त्यांचं घर आता स्मारक म्हणून जपलेलं आहे. ते पेशाने शिक्षक. १८८० मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवायला लागले आणि १९०३ पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांची गाठ रामस्वामी मुदलियार नावाच्या मुन्सफांशी पडली. मुदलियारांनी विचारलं, काय काय वाचलं आहे? अय्यरांनी पुराणं, स्तोत्रं, प्रबंध यांची लांबलचक यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा काही परिणाम झाला नाही. त्यांनी विचारलं, या सगळ्याच्या आधीचे ग्रंथ वाचले आहेत का? ‘जीवकचिंतामणी’ वाचलं आहे का? अय्यरांनी ते पाहिलंही नव्हतं. मोठ्या गुरूकडे वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसाला आपल्याच भाषेतलं महाकाव्य ठाऊक नव्हतं! दुसरा कुणी असता तर रागावून निघून गेला असता. अय्यरांनी त्या काव्याची हस्तलिखित नक्कल घेतली आणि अभ्यासाला बसले.

ते काव्य जैनांचं. स्वतः शैव ब्राह्मण असलेल्या अय्यरांना त्यातले कितीतरी संदर्भ लागेनात. तेव्हा ते कुंभकोणममधल्या जैन घरांत गेले. तिथली माणसं तो ग्रंथ श्रद्धेने वाचत होती. कॉलेजचा हा शिक्षक त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसला. सात वर्षांनी, १८८७ मध्ये, ‘जीवकचिंतामणी’ छापून निघालं. मग १८९२ मध्ये ‘शिलप्पदिकारम्’, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’, १८९८ मध्ये ‘मणिमेकलै’. शिकवणं सांभाळून, सुट्टी मिळाली की ते गावोगावी ताडपत्रं शोधत हिंडत. कुठे वाळवीने खाल्लेल्या पोथ्या सापडत, तर कुठे नुसता भुगा. एका देवळात त्यांना सांगण्यात आलं, की जीर्ण झालेल्या पोथ्या शास्त्राप्रमाणे तुपात बुडवून होमात टाकल्या!

१९४२ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले. आज तमिळ माणूस दोन हजार वर्षांच्या साहित्याचा अभिमानाने उल्लेख करतो, त्यात या एका शिक्षकाच्या पायपिटीचा वाटा फार मोठा आहे.

मुलगा हे सगळं सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचे गुरुजी उभे होते. पांढरं धोतर, काळी टोपी आणि काखेत वही.

आमचं गाव कृष्णाकाठचं, मिरजेच्या बाजूचं. गुरुजींचं दैवत म्हणजे वासुदेवशास्त्री खरे. गुहागरात जन्मलेले खरेशास्त्री मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतले मोडी कागद वाचून त्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला आणि १९२४ मध्ये जाईपर्यंत ते काम सोडलं नाही. गुरुजी आम्हाला सांगत, “अरे, शाळामास्तराने इतिहास लिहिला म्हणून पटवर्धनांच्या मोहिमा आज कळतात. नाहीतर उंदरांनी खाल्ल्या असत्या.”

गुरुजींनी मोहिमा नाही लिहिल्या. त्यांनी गाव लिहिलं. वेशीजवळच्या वीरगळावर काय कोरलं आहे, कुठल्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, पहिली मुलगी शाळेत कधी आली, कुणाच्या घरात कोणती सनद आहे. रविवारी सकाळी ते घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांपाशी बसत आणि लिहून घेत. कुणाचा अर्ज लिहून देत, कुणाच्या मुलाला फुकट शिकवत आणि निघताना आजीला एखादी जुनी गोष्ट विचारत.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावच्या रस्त्यावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांची नावं त्यांनी एका वहीत लिहिली होती. पुढे एकदा वर्गात त्यांनी ती यादी वाचून दाखवली. त्यात माझ्या आजीचं नाव होतं. तोवर आजीचं नाव कुणी मोठ्याने वाचलेलं मी ऐकलं नव्हतं. घरात ती फक्त ‘आई’ नाहीतर ‘म्हातारी’ होती. त्या दिवशी घरी जाऊन मी तिला सांगितलं, तर ती पदराने डोळे पुसत म्हणाली, “माझं नाव कशाला लिवलं मास्तरानं?”

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा गावाने थाटात सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार आणि दोन तास भाषणं. उत्तराला उभे राहिल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, “शाली आहेत माझ्याकडे. कुणीतरी वह्या वाचायला या.”

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मंडपाबाहेर त्यांच्या पाया पडताना म्हटलं, “गुरुजी, दिवाळीच्या सुट्टीत येते आणि सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून देते.” ती दिवाळी गेली. मग संसार, नोकरी, मुलाची दहावी. गुरुजी गेल्याचं मला पत्राने कळलं.

तिरुवलंचुळीहून परतल्यावर महिन्याभरात मी गावी गेले. गुरुजींचं जुनं घर पाडून नवं बांधलं होतं. त्यांच्या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, चहा दिला आणि माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढली. आत चार वह्या होत्या. “घर पाडताना बाकीच्या रद्दीत गेल्या हो,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. “या तेवढ्या मी ठेवल्या. त्यांचं अक्षर होतं ना!”

मी त्यांना काय बोलणार? त्यांनी चार तरी राखल्या. मी तर एकही पान उतरवलं नव्हतं.

खडी फोडणाऱ्या बायकांची यादी त्या चार वह्यांत नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला आठवली ती तीन नावं मी नव्या वहीत लिहिली, सर्वांत वर आजीचं. मग गुरुजींसारखंच घरोघरी जाऊन विचारलं. आतापर्यंत अकरा नावं झाली आहेत. चार वह्यांच्या प्रती शाळेत दिल्या, एक संच वहिनींकडे ठेवला आणि मूळ वह्या कापडात बांधून ट्रंकेत परत ठेवल्या.

तुमच्याही गावात, तुमच्या शाळेत असे एखादे गुरुजी किंवा बाई असतील. त्यांचा सत्कार जरूर करा. पण एखाद्या रविवारी रिकामी वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि म्हणा, “सांगा, मी लिहून घेते.” दिवाळीची वाट पाहू नका.