महाडचा डॉक्टर आणि दाखल्यांचा हिशेब

महाड म्हटले की आपल्या घरातल्या लहान पोरालाही चवदार तळे आणि १९२७ साल आठवते. दरवर्षी २० मार्चला आपल्याकडून माणसे तिकडे जातात, तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात आणि परत येतात. त्याच महाड तालुक्यात बिरवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली आपल्या मराठवाड्यातला एक तरुण डॉक्टर नोकरीला लागला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्यांचे नाव. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी ते वाढले आणि नागपूरला एम.बी.बी.एस. झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले, पण त्यांनी नेमके केले काय, हे वस्तीवर विचाराल तर कोणी सांगणार नाही.

मलाही हे सविस्तर कळले ते आमच्या पुतणीमुळे. ती नांदेडला प्राणिशास्त्रात पीएच.डी.साठी धडपडते आहे. आमच्या घराण्यात एम.एस्सी. झालेली ती पहिलीच. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, "काका, तुम्ही बी.कॉम. आहात, हिशेब तुम्हाला कळतो. मग हा हिशेब मला समजावून सांगा." तिच्यासमोर एका शास्त्रज्ञाचा तक्ता होता. किती शोधनिबंध छापले, त्यांचे दाखले इतरांनी किती वेळा दिले आणि शेवटी एक आकडा, त्याला म्हणे एच-निर्देशांक म्हणतात.

मी दिवसभर आवक-जावक लिहिणारा कारकून. शास्त्र मला कळत नाही, पण खतावणी कळते, आणि हीसुद्धा एक खतावणीच निघाली. एखाद्याने शोधनिबंध लिहिला आणि दुसऱ्या कोणी आपल्या लेखात "अमक्याने असे दाखवून दिले आहे" असे नोंदवले की पहिल्याच्या खात्यावर एक दाखला जमा. अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड या गृहस्थांनी १९६० च्या दशकात अशा दाखल्यांची मोठी सूची छापायला सुरुवात केली. पुढे २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हा एच काढला. ज्याचे दहा निबंध असे आहेत की प्रत्येकाला किमान दहा दाखले मिळाले, त्याचा एच दहा. पन्नास निबंध लिहिले आणि कोणी विचारले नाही, तर एच शून्य. एकच निबंध लिहिला आणि जगाने हजारदा त्याचा दाखला दिला, तरी एच एकच! हे ऐकून मला हसू आले. आपल्या मोंढ्यात मिरचीची आडत असा हिशेब ठेवू लागली तर शेतकरी दांडकेच घेऊन येईल.

असो. बावस्करांकडे वळू.

विंचू हा गरिबाचा वैरी. जो जमिनीवर झोपतो, विटा उचलतो, गवताचा भारा बांधतो, अंधारात अनवाणी चालतो, त्यालाच तो डसतो. काळी इंगळी दिसायला अंगावर येते, पण माणूस दगावतो तो बहुधा लहानशा तांबड्या विंचवाने. कोकणात तो फार, आणि आपल्याकडेही आहे. त्याचे विष मज्जातंतूंना असे पेटवते की अंगातली रसायने एकदम उसळतात. माणूस घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्कर बिरवाडीत आले तेव्हा असे रुग्ण, त्यात मुले बरीच, डोळ्यांदेखत जात होती. स्टिरॉइडसारखी औषधे देऊन पाहिली जात, पण उपयोग होत नसे. गंभीर झालेल्या शंभरातली पंचवीस-तीस माणसे जात.

त्यांनी काय केले? रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या. डंख किती वाजता, उलटी किती वाजता, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती. कारकुनाला हे वाचून बरे वाटते, कारण हे काम वहीचे आहे. त्या नोंदींतून हृदयावर संकट येणार असल्याची आगाऊ लक्षणे त्यांनी हुडकली आणि १९८२ साली ती लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. १८२३ पासून निघणारे हे नियतकालिक, आणि त्यात लेख कोणाचा, तर खेड्यातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा. पुढे रक्तदाबावरची एक स्वस्त गोळी, प्राझोसिन, या विषाच्या परिणामाला तोडते हे त्यांच्या ध्यानात आले. १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी तेही 'लॅन्सेट'मध्ये मांडले. मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात आले. ट्युनिशिया, तुर्कस्तान अशा विंचवांच्या देशांतले डॉक्टर त्यांचे दाखले देऊ लागले. जगात वर्षाला बारा लाखांवर माणसांना विंचू डसतो आणि सव्वातीन हजारांवर दगावतात, असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झालेला आहे. हा प्रश्न केवळ आपल्या गल्लीचा नाही, एवढे त्यावरून कळावे.

आता माझ्या घरचे सांगतो. साल १९९१. माझी चुलत बहीण नऊ वर्षांची होती. चुलते वीटभट्टीवर होते आणि खेळता खेळता विटांच्या थप्पीत तिला विंचू डसला. आधी उतरवणाऱ्याकडे नेले. त्याने मंत्र म्हटला, डंखावर काही चोळले, दोन तास गेले. मग एका दवाखान्यात नेले. तिथे दुखायचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. पोरगी घामाने भिजली होती, हात बर्फासारखे गार. चुलती म्हणत होती, "घाम आला, म्हणजे ताप उतरला." पहाटे ती गेली.

लंडनला ती गोळी छापून येऊन पाच वर्षे झाली होती. महाडला पोरे वाचत होती. धर्माबादला ती बातमी आली नव्हती. परवा पुतणीने त्या १९८६ च्या निबंधाचे साल वाचून दाखवले तेव्हा माझ्या मनात पहिली वजाबाकी हीच झाली.

म्हणून दाखल्यांच्या या खतावणीबद्दल माझे मत दोन बाजूंचे आहे. तिचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. बिरवाडीचा डॉक्टर कोण, कुठला, हे न विचारता त्याचे म्हणणे जगाने ऐकले ते छापील निबंधामुळेच. मोठ्या शहराचा, मोठ्या संस्थेचा शिक्का नसलेल्या माणसाला छापील पुरावा हाच आधार असतो, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. पण ही वही लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांसाठी ठेवलेली आहे. ज्या डॉक्टरने निबंध वाचून रात्री दोन वाजता गोळी दिली, तो दाखला लिहीत नाही. जी मुलगी सकाळी चालत घरी गेली, तिची नोंद कुठल्याच सूचीत होत नाही.

आणखी एक गोष्ट मला या माणसाबद्दल सांगावीशी वाटते. प्राझोसिनशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले होते. स्वस्थ बसले असते तरी चालले असते. पण विंचवाची लस तयार झाल्यावर त्यांनी दोन्हींची तुलना केली. सत्तर रुग्ण घेतले, निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना लस आणि प्राझोसिन दोन्ही. दहा तासांत दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ पूर्ण बरे झाले, नुसत्या गोळीवाल्या ३५ पैकी ८. आपल्याच गोळीला जोड दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये स्वतः छापले. २०१३ साली तर रुग्ण तपासणीला पाठवल्याबद्दल आलेला बाराशे रुपयांचा धनादेश त्यांनी परत केला आणि वर वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. अशा माणसाचा एच किती, हे मी पुतणीला विचारले नाही.

आता तिची अडचण. २०१० पासून प्राध्यापकाच्या नेमणुकीला आणि बढतीला छापलेल्या निबंधांचे गुण धरू लागले आणि निबंध छापण्याचा बाजार भरला. पीएच.डी.ला आधी निबंध छापण्याची सक्ती होती, ती २०२२ च्या नियमांत निघाली. पण नोकरीच्या मुलाखतीत यादी मागतातच. पुतणीला एका दलालाचा फोन आला होता. बारा हजार रुपये द्या, आठ दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकात छापून देतो, म्हणे मजकूर नसला तरी चालेल. बारा हजार! तिची आई मिरचीचे देठ तोडते. डोळे-हात जळत बसून बारा हजारांना किती पोती लागतात, तो हिशेब वहिनीनेच करून दाखवला आणि फोन ठेवायला लावला. ज्या घरात पहिल्यांदा कोणी संशोधनापर्यंत गेले आहे, त्या घराला हे दलाल बरोबर हेरतात. तुमच्या मुलांना असा फोन आला तर आईवडिलांनी विचारावे, आठ दिवसांत निबंध तपासला कोणी?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पाच-सहा जण भट्ट्यांवर फिरलो. विंचू डसल्यावर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर उतरवणाऱ्याकडे एक मिनिटही घालवू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा, आणि कोणतीही गोळी घरच्या घरी देऊ नका, एवढेच सांगितले. आशाताई बरोबर होत्या. आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का, हेही विचारून आलो. होते.

पुतणीपुढे दोन विषय आहेत. एकात साहित्य तयार आहे, दोन-तीन निबंध लवकर निघतील. दुसरा आपल्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवरच्या विंचवांचा. कुठल्या जातीचा, कोणत्या महिन्यात, कोणत्या थप्पीखाली. त्याला तीन पावसाळे रात्री बॅटरी घेऊन फिरावे लागेल आणि दाखले किती मिळतील सांगता येत नाही. तिने दुसऱ्याचा अर्ज लिहिला आहे. त्याची शुद्ध प्रत मी करून दिली. मार्गदर्शकांची सही अजून व्हायची आहे.